बांधाशेजारचा उतारा

चाकूरची लुंबिनी सोनकांबळे लातूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि सोयाबीनच्या उताऱ्यावर पीएच.डी. करायची. आता गंमत ऐका. रेणापूरकडच्या एका गावात तिनं पारावर बसून विचारलं, "एकरी किती झालं?" थोरले दगडोबा म्हणाले, "पाच क्विंटल." झालं! वडीलधाऱ्याच्या वर कोण जाणार? अख्ख्या पारानं पाचच सांगितले.

मार्गदर्शक सर खवळले. "सगळ्यांचा आकडा एकच? हे संशोधन आहे की एका सुरातली आरती? नवी माहिती आणा, नाहीतर प्रबंध विसरा."

लुंबिनी पुन्हा गेली, पण या खेपेला घरोघर. "काका, तुमचं राहू द्या. बांधाशेजारच्याला किती झालं?" मग काय, जिभा अशा सुटल्या की तिचं पेन पुरेना!

दगडोबांनी शेजाऱ्याचे आठ क्विंटल खुशाल सांगून टाकले आणि हळूच विचारलं, "अन् त्यानं माझं काय सांगितलं गं पोरी?"

"ते गुपित असतंय, काका. कुणाचंच नाव छापत न्हाईत."

"आसं व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं! लिही, माझं सात."

लुंबिनीनं हसू दाबलं. शेजाऱ्यानंही दगडोबांचे सातच सांगितले होते.