कोरड्या नळाचा फोटो

आमच्या गल्लीच्या नळाला पाणी येत नव्हतं, आणि नगरपालिकेच्या कचेरीतला माणूस म्हणत होता, येतं. वर म्हणाला, "पुरावा आणा." साठ साल उजाडायचं होतं. मी नुकती कॉलेजात गेले होते, पत्रकं लिहायला शिकले होते. ठरवलं, या वेळी पत्रकावर फोटोच छापायचा. रांगेचा आणि रिकाम्या घागरींचा.

गल्लीत कॅमेरा एकच, माझ्या वडिलांचा, अप्पांचा, चामड्याच्या भात्याचा. त्याला लागणारा रुंद रोल बाजारातून कधीच गेला होता, घरात एक शिल्लक होता. मी कॉलेजात असताना अप्पांनी तो नळावर संपवला.

आता धुवायचा कुठे? मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानांत रोल घेऊन फिरले. "हे माप बंद झालं. नवा कॅमेरा घ्या." एकाने तर रोल हातातही घेतला नाही. अजून संताप येतो. विकताना हीच मंडळी सांगायची, जन्मभर टिकेल. टिकला की! धडधाकट कॅमेरा यांनीच मेला म्हणून जाहीर केला.

शेवटी शिवाजीनगरात, बसथांब्यामागच्या बोळात, एक फोटोवाले अण्णा भेटले. या कन्नड शहरात आपल्यातलेच, घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड.

"माझ्या रोल धुवायच्या डब्यात हा मावायचा नाही," म्हणाले. "दोन्ही टोकं धरून ताटातल्या औषधातून झोके द्यावे लागतील. सरी, ठीक आहे, देतो. पण मग पाणी लागेल, पुष्कळ. औषध नीट धुतलं गेलं नाही तर फोटो पिवळा पडतो. आणि माझा नळ तुमच्या नळाचाच भाऊ आहे."

"म्हणजे पाणी मी आणायचं?"

"फोटो कोणाला हवाय?"

नळ कोरडा म्हणून फोटो, आणि फोटोसाठी पाणी! गल्लीत येऊन सांगितलं तर शेजारच्या अक्का, रांगेत कायम पहिल्या, हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "देऊ. लांबच्या विहिरीचं आहे, तरी देऊ. पण जी पाणी देईल तिला एक फोटो."

घराघरातून तांब्या-तांब्या जमलं. अप्पा सायकलला घागरी बांधून, न सांडता, शिवाजीनगरापर्यंत पायी चालत गेले.

फोटो आले आणि माझं डोकं फिरलं. निगेटिव्हएवढेच लहान, पण लख्ख. त्यात घागर एकही नव्हती. कॅमेरा दिसताच बायकांनी सगळ्या घागरी कट्ट्यामागे दडवल्या होत्या, पदर सारखे केले होते. अक्कांनी तर अबोलीचा गजरा माळला होता.

"अक्का, हे काय? बारशाला आल्यासारख्या उभ्या आहात."

"नळ वाळलाय, पोरी. आम्ही पण वाळलेलंच दिसायचं?"

"कचेरीतला हसेल."

"हसू दे. जन्मात पहिला फोटो निघतोय माझा. त्यात कमरेवर रिकामी बिंदगी धरून उभी राहू?"

पत्रक फोटोशिवाय निघालं. पुढे नळाला पाणी आलं. पत्रकामुळे की पावसामुळे, देव जाणे.

त्या रांगेतल्या काही जणी आता नाहीत, काही सासरी गेल्या. अप्पांचा कॅमेरा कपाटात भाता मिटून बसलाय. पण गल्लीत अजून कुठल्याही घरात जा, देवांच्या शेजारी तो फोटो आहे. मी चहा पिता पिता बघत बसते. एवढी नटलेली रांग मी पुन्हा पाहिली नाही. सगळ्या फोटोंच्या कडा मात्र पिवळ्या पडल्यात. प्रत्येकीला प्रत हवी होती, आणि शेवटी शेवटी धुवायला पाणी उरलं नाही.

या उन्हाळ्यात नळ पुन्हा आटला. कचेरीत खुर्ची तीच, माणूस नवा. "पुरावा आणा," म्हणाला. मी तणतणत घरी येत होते, तर अक्कांनी दारातच थांबवलं. भिंतीवरचा फोटो उतरवून पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"हा ने. पिवळा का पडला, ते त्याला नीट समजावून सांग."

मी निघाले तशा मागून म्हणाल्या, "आणि परत आण गं. तिथे ठेवून येऊ नकोस."