सगळ्या हापिसाला रजा, फक्त साहेबांना न्हाई!

बियाण्याच्या कंपनीत काम करा, किस्से गोळा करावे लागत न्हाईत. तणासारखे उगवतात. उपटा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

आमच्या नांदेड ब्रँचची कॉम्प्युटर सिस्टिम मी सांभाळतो. रजा मंजूर करणं, डीलरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडणं, गैरहजराला मेमो देणं, सगळं आपोआप होतं. फक्त ते कुणाच्या तरी लॉगिनवर, त्याच्या अधिकारानं चालवावं लागतं. मॅनेजर सूर्यवंशी साहेबांनी छाती फुगवली, "माझ्या नावानं चालू दे! ब्रँच माझी, हुकूम बी माझाच!"

झालं. कल्याण!

*

देगलूरच्या एका डीलरशी साहेबांचं कडाक्याचं भांडण झालेलं. माल बंद, बोलणं बंद. एक दिवस तो पेढे घेऊन केबिनमध्ये! "साहेब, तुमचा शुभेच्छांचा मेसेज वाचून डोळ्यात पाणी आलं बघा. राग गेला म्हणायचा!" साहेबांनी पेढा खाल्ला, माझ्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं माल सुरू केला.

*

गोदामातले शेख चाचा भर सीझनमध्ये बाजारात भाजी घेताना साहेबांना दिसले.

"चाचा! रजा कुणी दिली?"

"तुम्हीच की!" चाचांनी मोबाईल दाखवला.

साहेबांनी मंजुरीखालचं स्वतःचंच नाव वाचलं. "मी लई दिलदार हाय की हो!"

*

शेवटी मी म्हणलं, "साहेब, आपोआप कामाला वेगळं खातं काढू. त्याला लागतील तेवढेच अधिकार देऊ."

"म्हणजे माझे अधिकार काढून मशीनला देतो का? मी अजून जिवंत हाय!"

*

मग साहेबांच्या पोरीचा साखरपुडा ठरला. जळकोटला, शुक्रवारी. साहेबांनी रजा टाकली. नामंजूर! पुन्हा टाकली. नामंजूर! स्वतःची रजा स्वतःला मंजूर करता येत न्हाई, आणि मंजूर करणारे हेच!

लातूरच्या हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई म्हणल्या, "सर, सिस्टिममध्ये तुमच्यावरचे साहेब तुम्हीच दिसायलात."

आम्ही हसून हसून बेजार. साहेब मात्र रडकुंडीला आले. प्रमोशन तोंडावर, अन् विनारजा गेलं तर फायलीत मेमो. "अरे, एकुलती एक पोर हाय माझी! बापच न्हाई म्हणल्यावर व्याही काय म्हणतील?" त्या दिवशी मला खरंच त्यांची कीव आली.

शेवटी म्हणले, "गेलं खड्ड्यात प्रमोशन!" आणि गेले.

*

साखरपुड्याला मीबी होतो. माझी रजा साहेबांच्या नावानं लगेच मंजूर झालेली!

पोरीच्या बोटात अंगठी चढली, टाळ्या वाजल्या, आणि साहेबांचा मोबाईल वाजला. 'आपण विनापरवानगी गैरहजर आहात. तात्काळ खुलासा करावा.' खाली सही, सूर्यवंशी, मॅनेजर.

साहेबांचं तोंड उतरलं. शेजारी बसलेल्या व्याह्यांनी विचारलं, "काय झालं हो?"

"काही न्हाई. आमच्या मॅनेजरचा मेमो हाय," साहेबांनी मोबाईल खिशात टाकला. "लई खडूस माणूस!"

"अरारारा! पोरीच्या साखरपुड्यालाबी सोडत न्हाई? असल्या माणसासोबत दिवस कसे काढायचे हो?"

मागून साहेबांच्या बायकोनं पदर सावरला.

"मला विचारा की!"