अर्धपोटी आगीला नैवेद्य

माझ्या नणंदेच्या लग्नात माझ्या दोन्ही भुवया खर्ची पडल्या. बाकी लग्न छान झालं.

तेव्हा स्वातंत्र्य नवं होतं, मुरुडच्या या घरात मीही नवी होते, आणि पेट्रोल कुठे दिसलंच तर त्याच्या पाया पडावं अशी टंचाई होती. म्हणून मामंजींची प्रवासी मोटार कोळशावर चालायची. गाडीच्या पाठीला पुरुषभर उंचीचं लोखंडी पिंप. वरून लाकडी कोळसा ओतायचा, खालून विस्तव लावायचा आणि बाजूचा पंखा हाताने गरागरा फिरवायचा. धुमसत्या कोळशातून गॅस निघायचा, काथ्या भरलेल्या डब्यातून गाळून तो इंजिनात जायचा, आणि मग इंजिन दम्याच्या म्हाताऱ्यासारखं खोकत उठायचं. सपाटीवर गाडी बैलगाडीला मागे टाकी. चढावर बैलगाडी गाडीला मागे टाकी!

हे प्रकरण सांभाळायचे इब्राहिमभाई. मेंदीची दाढी, कपाळावर काजळी आणि बोलणं अगदी शांत. लग्नाच्या सकाळी ते पंखा फिरवत होते आणि मी (वय वर्षे अठरा, अक्कल त्याहून बरीच कमी) शेजारी उभी राहून त्यांना शिकवत होते.

"इब्राहिमभाई, विस्तव किती मंद आहे! जरा मोकळी हवा द्या की. आमच्या दिघीला चूल कशी भडभडून पेटते!"

"सूनबाय, ही चूल न्हाय. हिला पोटभर हवा द्यायची न्हाय. कोळसा पुरता जळला तर नुसती राख. अर्धवट जळला तरच गॅस. आगीला अर्धपोटी ठेवायची, तवा गाडी पळते."

त्यांनी नळीच्या तोंडाशी काडी धरली. फुर्रकन निळी ज्योत उठली.

"बघा. निळी आली म्हंजे गॅस एक नंबर. पिवळी आली म्हंजे कच्चा."

मला ज्योतीचं काही वाटलं नाही. माझ्या मनाला लागलं ते 'अर्धपोटी'. अग्नी, आणि तोही लग्नाच्या दिवशी उपाशी? माझ्या माहेरी चूल पेटली की पहिला घास अग्नीला. त्याआधी कुणाच्या तोंडात शीत जात नसे. इथे तर अख्खं वऱ्हाड या आगीच्या जिवावर बोर्लीला निघालेलं!

बरं, दिवसही साधा नव्हता. मुहूर्त अकराचा. नवऱ्या मुलाचे काका आधीच म्हणाले होते, "नाना, त्या कोळशाच्या डब्याच्या भरवशावर मुहूर्त धरू नका. आदल्या दिवशी बैलगाडीने या." त्यावर मामंजी सगळ्यांदेखत गरजले होते, "माझी मोटार उशिरा पोचली, तर इब्राहिमला त्याच दिवशी घरी बसवीन!"

तेव्हा अग्नीला प्रसन्न करणं भाग होतं. (असं मला वाटलं. दुसऱ्या कुणाला वाटलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.) इब्राहिमभाई हात धुवायला विहिरीवर गेले, तशी मी स्टुलावर चढले. कनवटीला पानात बांधलेला तूपभात, ओच्यात बुंदीचे चार लाडू, काखेत एक शेंडीवाला नारळ. हात जोडले आणि पिंपाचं झाकण उचललं.

भप्प!

निळाभोर लोळ माझ्या तोंडासमोरून वर गेला. मी नारळ, लाडू, भात सगळं आत सोडलं, झाकण आदळलं आणि खाली उतरले. चेहऱ्यावरून हात फिरवला. कपाळ सापडलं, नाक सापडलं. मधलं काही सापडेना!

पण नव्या सुनेला डोईवरून पदर पुढे ओढायची सोय असते. मी तो नाकापर्यंत ओढला.

"बघ, किती मर्यादशील आहे," सासूबाई मामंजींच्या बहिणीला, आत्याबाईंना म्हणाल्या.

गाडी निघाली. नांदगावपर्यंत सगळं सुरळीत, फक्त धुराड्यातून तळलेल्या लाडवांचा वास येत होता आणि गावातली सात कुत्री गाडीमागे धावत होती. "शुभशकुन आहे," मामंजी म्हणाले. काशीदच्या अलीकडची चढण लागली. गाडीने दोन आचके दिले, आणि पाठीमागे असा धडाका झाला, की आत्याबाई बाकाखाली गेल्या.

"टायर फुटला!"

"टायर कुठला, इंजिन गेलं!"

"मुहूर्त गेला!" हे मामंजी.

गाडी थांबली. इब्राहिमभाईंनी झाकण उघडलं, चिमटा घातला आणि बाहेर काढली जळकी करवंटी. पाणी तापून नारळ आतल्या आत फुटला होता. मग गाळणीचा डबा उघडला. आतला काथ्या डांबरासारख्या काळ्या, गोडूस वासाच्या चिकट्याने थबथबलेला. गॅसची वाटच बंद!

मामंजी फुटायचेच बाकी होते. "इब्राहिम! गाडीत नारळ भाजतोस? आजपासून तुझा माझा संबंध संपला!"

"अल्ला शप्पथ नाना, म्या कोळशाबिगर काय न्हाय घातलं."

"मग नारळ काय झाडावरून उडी मारून आत गेला?"

इब्राहिमभाई मान खाली घालून करवंटीकडे बघत होते. वीस वर्षं ही गाडी त्यांनी लेकरासारखी सांभाळली होती. मी पदर मागे सारला.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "अगो बाई," त्या हळूच म्हणाल्या, "भुवया कुठे ठेवल्यास?"

"नैवेद्य दाखवायला गेले होते."

पहिली हसली ती नणंद कुसुम. मुंडावळ्या हलेपर्यंत हसली. "बाबा, ओरडा नंतर! आधी माझं लग्न लावा!"

इब्राहिमभाई म्हणाले, "कोरडा काथ्या गावला तर गाडी चालल. पर हितं डोंगरात काथ्या कुठनं आणायचा?"

आता नारळाच्या बागांत राहणाऱ्या मुरुडकरांनी काथ्या शोधत फिरावं, म्हणजे कमालच! मी कुसुमच्या रुखवताच्या ट्रंकेकडे बोट दाखवलं. ती काथ्याच्या जाडजूड सुंभाने बांधली होती. सुंभ सोडला, आणि अख्खं वऱ्हाड रस्त्याकडेला बसून पीळ उकलायला लागलं. शालू नेसलेल्या बायका, फेटेवाले पुरुष, आणि मधोमध नवरी! डबा भरला, पंखा फिरला, नळीशी काडी धरली. निळी ज्योत! चढण संपेपर्यंत आम्ही सगळ्यांनी गाडी ढकलली, आणि उतारावर तिने आम्हाला बोर्लीला नेलं. सुंभ सुटलेल्या ट्रंकेचं झाकण उघडू नये म्हणून तिच्यावर मला बसवलं होतं.

मंगलाष्टकं सुरू व्हायला पाच मिनिटं असताना आम्ही मांडवात शिरलो. सगळ्यांचे हात काळे, चेहरे काळे. नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "नाना, मोटारीतून आलात की मोटारीला उचलून आणलंत?" मामंजी म्हणाले, "दोन्ही!" आणि इब्राहिमभाईंना हाताला धरून पहिल्या पंगतीला बसवलं.

सासूबाईंनी मला कोपऱ्यात नेऊन काजळाने भुवया काढून दिल्या. घाईत एक वर गेली, एक खाली. लग्नाच्या फोटोत मी अजून जगाकडे संशयाने बघतेय.

पुढे मामंजींनी डिझेलची गाडी घेतली, तरी इब्राहिमभाई घरी आले की तीच गोष्ट निघायची. कोळशाच्या गाडीला गॅस चांगला मिळत नसे, असं कुणी म्हटलं की ते माझ्याकडे बोट दाखवत. "त्या दिवशीचा गॅस एक नंबर व्हता. इचारा सूनबायला. एवढ्या जवळून तो दुसऱ्या कुणीच बघितला न्हाय."