मुलीच्या नावापुढं

आखातातल्या रुवैसच्या कामगार कॅम्पात दर शुक्रवारी फोनच्या रांगेत तो माझ्या पुढं असायचा. बोलून झालं की रिसीव्हर बाहीनं पुसून मगच माझ्या हातात द्यायचा.

एकदा तो गावाकडं कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलीशी बोलत होता. "फीच्या सवलतीच्या फॉर्मवर विचारतात ना, कुणावर अवलंबून? मामाचं नाव लिही. माझा पगार बंद, खर्च तोच करतोय. खोटं नको."

मी दुसरी नापास, पण ताठ माणूस. म्हटलं, "बाप जिवंत असताना मामा? मी नसतं लिहू दिलं!"

तो रिसीव्हर पुसतच राहिला, हातातून सोडवेना त्याला. "काका, तिच्या नावापुढं माझंच नाव लागतं की. लग्नापर्यंत तरी."

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तिकडं ती मात्र ते रोज लिहीत असेल.