फक्कीच्या रेघांतली खोली

माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या की घर अजून नसतं, पण कुणाला किती जागा मिळणार ते दिसायला लागतं. आमच्या फार्महाउसची आखणी चालली होती, तेव्हा मी दादाच्या दोन घोड्यांचा तबेला पावलांनी मोजला. मग त्याला लागून असलेली आईची खोली मोजली. ती तबेल्याच्या निम्मीसुद्धा नव्हती.

"आईला इथे का?" मी दादाला विचारलं.

"तिला मोकळी हवा हवी," तो मिस्त्रीकडे बघत म्हणाला.

माझ्याकडे न बघता दिलेलं उत्तर मला कधीच खरं वाटत नाही. आपल्या शहरातल्या घरातून आईला हळूच इकडे हलवायचा दादाचा बेत असणार, असं मी मनाशी धरून टाकलं. आपल्याच माणसांवरचा संशय किती झटकन उभा राहतो. त्याला पाया खणावा लागत नाही.

तेवढ्यात आई गाडीतून उतरून आली आणि त्या रेघांच्या आत उभी राहिली.

"ही खोली मीच मागितली," ती मला म्हणाली. "तुम्हा दोघांच्याही घरी मी कुठे बसले तर अडचण होईल, याचाच विचार करत असते. घोड्यांपाशी तसं होत नाही."

हेही दादानेच पढवलं असेल, असं क्षणभर वाटलंच. पण आई मिस्त्रीकडे वळली आणि हाताने उंची दाखवत म्हणाली, "खिडकी इतकी खाली घ्या. बसल्या जागेवरून त्यांची तोंडं दिसली पाहिजेत."