पाटाखालचे भाई

दुकान उघडण्याआधी हासोमलभाई मान वर करून हात जोडायचे. वर देऊळ नव्हतं, पाट होता. बदलापूरच्या वाटेवर आमच्या गावाशी जुन्या दगडी कमानी आहेत. त्यांच्यावरून पाटाचं पाणी रस्ता ओलांडून शेतांकडे जायचं. अशाच एका कमानीखाली फळ्या ठोकून भाईंनी दुकान थाटलं होतं, आणि मागे पडदा लावून संसारही. वरून थेंब ठिबकायचे, बिस्किटं सादळायची, आणि भाई ती "खास नरम माल" म्हणून आमच्याच गळ्यात मारायचे.

फाळणीनंतर ते सिंधमधून उल्हासनगरच्या कॅम्पात आले. एकदा फेरीवर असताना त्यांना हा पाट दिसला, तेव्हा पाठीवरचं गाठोडं उतरवून ते तिथेच बसले. इथेच का, म्हणून विचारलं तर म्हणत, "घर के सामने नहर थी, साईं. घर गया, जमीन गयी. आता पाणी तरी पायजे ना?" पाणी हाच त्यांचा देव होता.

एक गोष्ट मात्र त्यांना सलायची. चैत्रात गावदेवीची पालखी निघे आणि दारोदार थांबे. जिच्यापुढे पालखी थांबली नाही अशी चौकट गावात नव्हती, एक भाईंची सोडून. देवीच्या डोक्यावरून पाणी वाहू नये, म्हणून पालखी कमानी टाळून शेताच्या बांधावरून जायची. भाई दरवर्षी धुतलेला सदरा घालून, नारळाचं ताट घेऊन उभे राहत. ढोल जवळ येई आणि बांधाकडे वळे.

माझ्या काकांनी एकदा सुचवलं, "भाई, दुकान कमानीतून जरा पुरं हलव. मंग देवी येल तुजे दारान."

"पाणी सोडून कुठे जाऊ, साईं? एक बार छोडा, बस झालं."

पुढच्या चैत्रात पाटकरी स्वतःहून म्हणाला, पालखीपुरतं वरचं दार बंद करतो, पाट कोरडा राहील. सगळ्यांना ते पटलं. भाईंनी मात्र कानाला हात लावले. "माझ्या घरी देवी यावी म्हणून मी देव थांबवू? नको बाबा."

त्या वर्षी ढोल वाजू लागला तेव्हा भाईंनी दुकानाला फळी लावली आणि ताट घेऊन ते बांधावर जाऊन उभे राहिले. भोई गोंधळले. पालखी दारात थांबते. बांधावर कसलं दार? पुढचा भोई पाऊल उचलणार, तोच माझी आई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तिने भाईंच्या पायांपुढची माती हाताने सारखी केली, रांगोळीच्या चार रेघा ओढल्या आणि कमरेवर हात ठेवून ती भोयांपुढे उभी राहिली.

"रांगोली दिसत नाय का? मंग थांबा."

पालखी थांबली. भाईंनी ताट पुढे केलं आणि काकांनी नारळ घेतला.

भाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा मुलगा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये स्थिरावला, कमानीखाली कुणी राहत नाही. पालखी अजून त्या उघड्या बांधावर थांबते. नवे भोई विचारतात, "इथं तर काहीच नाही, मग थांबायचं कशाला?"

म्हातारी माणसं सांगतात, "भाईचं घर हाय."