हॉर्नची वायर

ऐंशी सालाच्या सुमारास शिरवण्याच्या फाट्याजवळ मी गाड्यांचं वायरिंग करायचो. एका दुपारी एक आगरी म्हातारा आपली जुनी पिकअप गाडी एका ट्रकमागे बांधून घेऊन आला.

"वरीस झाला, उबीच हाय. पोरगा चालवाचा. तो वारला," एवढंच बोलला.

बॅटरी मेली होती. ती बदलली तरी सेल्फ-स्टार्टर नुसता कटकट करत होता. शोधता शोधता अर्थिंगची तार गंजलेली सापडली. ती घासून आवळली आणि गाडी सुरू झाली. म्हातारा थरथरत्या बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. मी सवयीने हॉर्न दाबला, तसा त्याने खिडकीतून माझा हात धरला.

"यो नको. याची वायर कापून टाक. पोरगा वेशीपासून हॉर्न वाजवीत घरा याचा. आयकला तं त्याची आय भाकरी टाकाला उठल."

"काका, या रस्त्यावर हॉर्नशिवाय कसं चालवणार?"

"मी हलूहलू जान."

मी वायर कापली आणि टोकाला टेप गुंडाळली.

पुढे तो फाट्यावरून जाताना अधूनमधून दिसायचा. मागचे ट्रक भोंगे वाजवून पुढे निघून जात, आणि हा खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यातल्या माणसांना बाजूला व्हायची खूण करत, हळूहळू जात असे.